कोटिंग विकणाराच सांगतोय, वेशीला कोटिंग मारू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी इकडे एरंडोल-पारोळा भागात पेंट-हार्डवेअरचं दुकान चालवतो, सव्वीस वर्षं झाली. शटर वर केलं की काउंटरवर आधी तुमचा पेपर येतो मग चहा. पत्र लिहायची पहिलीच वेळ आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या, मोबाईलवर टाइप करतोय आणि मधे मधे गिऱ्हाईक येतंय.

विषय आमच्या गावच्या वेशीचा. खाली काळा दगड, वर चपट्या विटांची कमान, सगळं काम चुन्यातलं. किती जुनी ते कोणी सांगत नाही पण सिमेंटचं पेटंटच मुळात इंग्लंडात १८२४ साली निघालं आणि आपल्या खेड्यापाड्यात ते पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली, म्हणजे वेस इथे सिमेंट पोचायच्या आधीची धरा. पोळ्याला बैल अजून तिच्याखालूनच निघतात. तर पोळा झाला आणि चार दिवसांनी गावातली मंडळी दुकानात आली, वर्गणी जमलीये, वेशीचं जतन करायचंय, म्हणजे काय तर विटांना ट्रान्सपरंट वॉटरप्रूफ कोटिंग मारायचं, वर दोन फोकस लाइट, बाजूला सेल्फी पॉइंट, आणि दिवाळीच्या आत उद्घाटन. मी तेव्हा जळगावला माल आणायला गेलो होतो, मुलाने काउंटरवरून दोन बादल्या दिल्याही आणि बाकीचं कोटेशन उद्या बाबा देतील म्हणून सांगितलं. ते कोटेशन मी अजून दिलेलं नाही. त्याऐवजी हे पत्र लिहितोय. घरची म्हणते स्वतःच्या पोटावर पाय आणून पेपरात छापून आणणारा तुम्ही पहिलेच.

पण मी हे केलेलं आहे साहेब, माझ्याच घरावर. आमचा वडिलोपार्जित वाडा, म्हणजे वाडा म्हणायचा, आता चारच खण उरलेत, पुढची भिंत अशाच चपट्या विटांची आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. २०१३ च्या पावसाळ्यानंतर त्या भिंतीला खाली लोणा लागला. ज्यांची घरं नवीन आहेत त्यांना सांगतो, लोणा म्हणजे भिंतीला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, हात फिरवला की मिठासारखं चुरचुरतं आणि विटेचा भुसा खाली पडतो, रोज झाडून काढा रोज पडतो. तेव्हा एका कंपनीचा रिप्रेझेंटेटिव्ह दुकानात यायचा, टाय वगैरे लावून, त्याने विटेच्या तुकड्यावर कोटिंग मारून वर पाणी ओतून दाखवलं, थेंब अळूच्या पानावर घरंगळतात तसे घरंगळले. दहा वर्षं टेन्शन नाही म्हणाला. मी तर विकणारा माणूस, मला माल स्वस्तात, दोन हात मारून घेतले. भिंत अशी दिसायला लागली की तेल चोपडलेला पहिलवान. लोक फोटो काढायला यायचे. दुकानाची जाहिरातच झाली, पाच-सहा जणांना मी तेच कोटिंग विकलंही, त्याचं आज वाईट वाटतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात विटांची तोंडं गळायला लागली. भुसा नाही, आता पापुद्रा, काही मिलिमीटर जाडीचा, खापरीसारखा, वरून चकचकीत आणि मागून पांढराफटक. संपूर्ण वीट तशीच भिंतीत आणि तिचं तोंड माझ्या हातात. आमच्या गावचे म्हातारे गवंडीबाबा होते, आता नाहीत, त्यांना बोलावलं. त्यांनी तो पापुद्रा उलटा करून बघितला, जिभेला लावला, थुंकले आणि म्हणाले, "भाऊ, तू भीतनं तोंड बंद करी टाकं, आते ती दम कथाईन लेई?" म्हणजे भिंतीचं तोंड तू बंद केलंस, आता ती श्वास कुठून घेणार.

मला तेव्हा राग आला होता. मी म्हटलं बाबा, कंपनी सांगते हे ब्रीदेबल आहे, भिंतीला श्वास घेऊ देतं. आणि गंमत म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली, इंजिनियर लोकांना विचारून, डब्यांवरचं बारीक अक्षर वाचून, मोबाईलवर शोधून, तेच इथे सांगतो कारण दुकानात उभ्या उभ्या कोणी ऐकून घेत नाही.

आपल्याकडे माठ असतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, आणि दोन-तीन उन्हाळे वापरलेल्या माठाला बाहेरून पांढरे डाग येतात, ते पाण्यातले क्षार, पाणी उडून जातं क्षार मागे राहतात. जुनी वीट-भिंत अगदी तशीच आहे, फरक इतकाच की तिला पाणी आपण भरत नाही, ती पायातून ओढते. दिव्याची वात जसं तेल वर ओढते तसं विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, साधारण कंबरेपर्यंत, कधी जास्त. येताना जमिनीतले क्षार घेऊन येतं. जुन्या गावात तर जमीन म्हणजे क्षारांचं कोठारच, शेकडो वर्षांचे गोठे, उकिरडे, गोमूत्र, त्यातून नायट्रेट तयार होतं. पूर्वी बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा लोक जुन्या भिंतींच्या बुडाशी असलेल्या मातीतूनच काढायचे, तो काही हवेतून यायचा नाही.

आता हे पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन वाळतं. तिथे क्षाराचा खडा धरतो. तोंडावर धरला तर पांढरं दिसतं, झाडून टाकलं की झालं, वीट फार बिघडत नाही. पण आपण सिलेन-सिलोक्सेनवालं कोटिंग, म्हणजे हेच पाणी झटकणारं, मारतो तेव्हा ते काही मिलिमीटर विटेत मुरतं आणि छिद्रांना आतून मेणासारखं अस्तर लावतं. छिद्र बुजत नाही म्हणून वाफ निघून जाते, त्यालाच ब्रीदेबल म्हणतात. पण पाणी, पातळ पाणी, त्या अस्तराच्या पुढे सरकत नाही. मग ते अस्तराच्या मागेच थांबतं, तिथेच वाफ होतं आणि क्षाराचा खडा बाहेर न धरता विटेच्या पोटात, बरोब्बर त्या हद्दीवर धरतो. खडा वाढतो, जागा मागतो, पुढचा पापुद्रा ढकलून देतो. माझ्या हातात आलेली खापरी ती हीच. वाळायलाही भिंतीला जास्त दिवस लागतात कारण पाणी तोंडापर्यंत येऊन वाळणं वेगळं आणि आतून वाफ होऊन झिरपणं वेगळं.

आणि आपलं हवामान त्यात तेल ओततं. क्षारांमध्ये एक सोडियम सल्फेट असतो, तो पाण्याचे दहा रेणू धरून बसतो आणि पाणी सोडूनही देतो, त्याची सीमा ३२.४ अंशाला आहे, त्याच्या खाली ओलावा मिळाला की तो फुगतो, कोरड्याच्या तिपटीहून जास्त, आणि वर गेला की परत कोरडा. आता तुम्हीच बघा, भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, थंडीत पहाटे दहाच्या आसपास, आणि दुपारी उन्हातली भिंत परत हाताला चटका देते. म्हणजे भिंतीच्या पोटात वर्षातून कितीदा हे फुगणं-आटणं चालत असेल. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या भिंतीवर जे चाललं ते इथे चालेलच असं नाही, हे रिप्रेझेंटेटिव्हला कोण सांगणार, तो टार्गेटवर असतो बिचारा.

हे झालं वॉटर रिपेलंटबद्दल, म्हणजे या पाणी झटकणाऱ्या कोटिंगबद्दल, जे त्यातल्या त्यात बरं. याहून वाईट म्हणजे फिल्म धरणारे प्रकार, अॅक्रेलिकचा चकचकीत क्लिअर कोट, पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन, इपॉक्सी, त्यांनी तर वाफही नीट निघत नाही, भिंतीला अक्षरशः रेनकोट घालून आत घाम. आणि सगळ्यात वाईट सिमेंटचा गिलावा आणि सिमेंटने दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांधी, भरणं, ज्याचा अजून आपल्याकडे फार सन्मान आहे, "पक्कं काम केलं" म्हणतात. जुनी वीट मऊ, चुना तिच्याहून मऊ, म्हणून हालचाल झाली, ओल आली तर चुना झिजतो आणि वीट वाचते, चुना दर वीस-पंचवीस वर्षांनी परत भरता येतो. सिमेंट विटेहून कडक आणि घट्ट, मग ओल दर्जातून निघायची ती विटेतून निघते आणि झिजते ती वीट. वर सिमेंट स्वतःचेही क्षार सोडतं. काही वर्षांनी असं दिसतं की सिमेंटच्या दर्जांची जाळी तशीच उभी आणि मधल्या विटा पोखरलेल्या, मधाचं पोळं रिकामं झाल्यासारखं. आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या गढीची डागडुजी केलेली बाजू बघून या, वेगळा पुरावा लागणार नाही.

मग माझ्या भिंतीचं काय झालं, तर गवंडीबाबांनी एकच प्रश्न विचारला, पाणी कुठून येतं. मी म्हटलं पावसाचं. ते म्हणाले पाऊस तर आजोबांच्या वेळी पण होता. आणि खरंच आपल्याकडे पाऊस असून असून किती, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, कोकणात एका महिन्यात याहून जास्त पडतो. शोधलं तर दोन गोष्टी निघाल्या. एक, २०११ ला गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला होता, जुन्या रस्त्यावरच ओतलेला, त्यामुळे रस्ता आमच्या जोत्यापेक्षा हातभर उंच आणि पावसाचं, सांडपाण्याचं सगळं पाणी भिंतीच्या बुडाशी. पूर्वी मातीच्या गल्लीतून ओल वर उडून जायची, आता वर काँक्रीटचं झाकण, मग ती जाणार कुठे, भिंतीत. दुसरं, धाब्यावरचा पन्हाळ फुटलेला आणि वरची खारी माती वाहून त्याचं पाणी भिंतीच्या डोक्यातून आत. धाब्यावर आपण खारी माती टाकतो कारण त्यात गवत उगवत नाही, ते बरोबरच, पण ती माती भिंतीत मुरली तर वरूनही मीठ आणि खालूनही मीठ.

भिंतीलगत दीड फूट रुंद पट्टा काँक्रीट फोडून काढलं, तेवढ्यावरून गल्लीत भांडण झालं ते वेगळं, चर खणला, गोटे-खडी भरली, पाणी पुढे गटारीला काढून दिलं. पन्हाळ बदलला. मग एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा भिंतीला हात लावला नाही, नुसती वाळू दिली. हे सगळ्यात अवघड काम, कारण काहीच करायचं नसतं आणि येणारा-जाणारा विचारतो काम बंद पडलं का. नंतर क्षार ओढून घ्यायला मातीचा लेप, मुलतानी माती आणि कागदाचा लगदा आरओच्या पाण्यात कालवून भिंतीवर थापायचा, वाळून तडकला की काढून फेकायचा, असं चार वेळा. बोअरच्या पाण्यात कालवला तर आपणच मीठ लावल्यासारखं. शेवटी चुन्याने दर्जा भरल्या. पण जिथे कोटिंग मुरलं होतं तिथे चुना धरेचना, पाणीच शोषत नाही तर चुना काय धरणार. ते कोटिंग परत काढता येत नाही. धुऊन नाही, घासून नाही, काळाने त्याचा जोर ओसरेल तेव्हा ओसरेल. सेहेचाळीस विटा बदलाव्या लागल्या, मी मोजल्या, आणि तशा विटा आज भाजत कोणी नाही, दुसऱ्या गावातला पडका वाडा शोधून आणल्या.

हे मातीच्या लेपाचं मी काही नवीन सांगत नाही. मोहेंजोदडोला, सिंधू नदीच्या काठी, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या विटा खोदून उघड्या केल्या आणि क्षाराने त्यांचा भुगा व्हायला लागला, युनेस्कोने १९७४ ला मोहीम काढली, तिथे भिंतींना जे चोपडलं जातं त्यात मातीचा पातळ गारा आहे. क्षार विटेतून मातीत येतो, माती गळून पडते, परत लावायची. म्हणजे जगातली एवढी मोठी मंडळी शेवटी आपल्या आज्जीच्या सारवणाशीच येऊन थांबली. अमेरिकेतली नॅशनल पार्क सर्व्हिस जुन्या इमारतींच्या डागडुजीची पुस्तिका काढते, तीही म्हणते की आत पाणी येत असेल तर आधी गळकी पन्हाळं आणि फुटक्या दर्जा बघा, बहुतेक जुन्या बांधकामांना वॉटर रिपेलंटची गरजच नसते.

कोणी म्हणेल की मग हा दुकानात कोटिंग ठेवतो कशाला. ठेवतो आणि ठेवणार. नवीन बंगल्याची एक्स्पोज्ड ब्रिकची भिंत असेल, खाली डीपीसी, म्हणजे जोत्यात ओल अडवणारा थर, असेल, दर्जा धड असतील आणि पश्चिमेचा पाऊस थेट मारत असेल तर सिलोक्सेन चांगलं काम करतं, मी स्वतः सुचवतो. भुसभुशीत झालेल्या नक्षीच्या विटेला इथाइल सिलिकेटसारखं औषध देतात, ते वॉटरप्रूफिंग नसतं, विटेचे सुटे कण परत धरून ठेवायला असतं, पण ते महाग आहे आणि जाणकाराच्या हाताने, क्षार काढल्यावर आणि भिंत वाळल्यावर, आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर लावून, एखादं वर्ष बघून. ब्रश आणि वर्गणी आहे म्हणून नाही.

वेशीला काही लावायचंच असेल तर चुना लावा. म्हणजे विटा उघड्या ठेवायच्या असतील तर नुसत्या दर्जा, आणि कमानीच्या वरचा भाग जिथे पाऊस थेट पडतो तिथे चुन्याचा पातळ गिलावा, एक भाग चुना एक भाग सुरखी एक भाग वाळू असं गवंडीबाबांचं माप होतं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. बेलफळाचं पाणी, गूळ, हिरडा घालायचे पूर्वी, त्यावर आता लोक फार व्हिडिओ करतात, पण त्यापेक्षा चुना किती दिवस भिजवला आणि किती मळला यावर जास्त अवलंबून आहे. वरून चुन्याचे हात, दुधासारखे पातळ, भिंत आधी ओली करून, एका हाताला एक दिवस, चार-पाच हात. हा चुना पावसाने झिजणार, दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागणार, लोक याला कच्चं काम म्हणतात. अहो ते झिजण्यासाठीच असतं, तो झिजतो म्हणून वीट झिजत नाही.

एक धोका आहे, बॅगेत मिळणारी चुन्याची फक्की वर्षभर गोडाऊनला पडलेली असेल तर ती मेलेली, तिच्यात काही राम नाही. कळीचा चुना, म्हणजे न भिजवलेले भट्टीचे खडे, आणून हौदात भिजवायचा. उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो, पोरांना लांब ठेवा आणि चष्मा लावा.

आणि त्याआधी फुकटातली कामं. वेशीवर पिंपळ उगवलाय त्याचं मूळ काय करणार, नुसता उपटला तर विटा घेऊन येईल. बुडाशी पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलंय ते भिंतीपासून दोन फूट लांब ठेवा, मधे खडी. पाण्याची टाकी वेशीच्या पाठीला टेकून बांधलीये, तिचा ओव्हरफ्लो कुठे पडतो ते मी सांगायला नको, सगळ्या गावाला माहीत आहे. विटा स्वच्छ करायला अॅसिड किंवा ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासणं तर अजिबात नको, भाजलेल्या विटेची वरची कातडीच कडक असते, ती गेली की आतला मऊ गाभा उघडा पडतो.

परवानगीचंही बघा. वेस राज्य संरक्षित यादीत असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय खिळा मारता येत नाही. यादीत नसेल तर मात्र कोणी विचारत नाही, ज्याच्या हातात ब्रश तो मालक. आपल्या खान्देशात यादीत नसलेलंच जास्त आहे. थाळनेरला मलिक राजा फारुकीची कबर आहे, तो १३९९ ला वारला, फरकांड्याचे विटांचे झुलते मनोरे, त्यांचं नाव तरी निघतं. गावोगावच्या गढ्या, वेशी, वाड्यांच्या भिंती, यांचं नाव वर्गणी जमली की निघतं आणि तिथूनच त्यांची खरी वाट लागते. वाईट हेतूने कोणी करत नाही, हे मुद्दाम लिहितो, आमच्या गावची मंडळी माझी माणसं आहेत, त्यांनी पदरचे पैसे घातलेत.

म्हणून त्यांना पेपरातून सांगतो, समोरासमोर सांगितलं तर म्हणतील याला दुसरीकडे जास्त मार्जिन मिळत असेल. नेलेल्या दोन बादल्यांचं सील फोडलेलं नसेल तर परत आणा, पूर्ण पैसे देतो, मुलाला सांगून ठेवलंय. कळीचा चुना मी मागवून देईन, भाड्याचे तेवढे द्या. हौद आमच्या वाड्याच्या मागे आहे, या आठवड्यात भिजत घातला तर दिवाळीनंतर, ऊन जरा उतरल्यावर, कामाला घेता येईल. उद्घाटन तेवढं पुढे ढकला. चुना मळायला पारोळ्याकडचा एक गवंडी अजून येतो, त्याला मी बोललोय, तो म्हणाला आधी टाकीचा ओव्हरफ्लो बंद करा मग येतो.

आपला,
एक पेंट-हार्डवेअर दुकानदार
(नाव छापू नये, गावात राहायचंय)